चौकातल्या, बागेतल्या शिल्पांचे फोटो वापरायचेत? छापण्याआधी एवढं बघून घ्या

दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मावसभावाने मिळून एक टेबल कॅलेंडर काढलं होतं. विषय ठाणे-नवी मुंबईतली शिल्पं, बारा महिने बारा फोटो, तीनशे प्रती. फोटो सगळे माझेच, रविवारी पहाटे उठून काढलेले, कधी पाम बीच रोडच्या कडेला स्कूटर लावून तर कधी तलावपाळीला फिरायला येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आधी. डिसेंबरात वाटप सुरू झालं, लोकांना आवडलं, आणि तिसऱ्या आठवड्यात एक फोन आला. पलीकडे एक तरुण शिल्पकार होता. चिडलेला नव्हता, शांतपणे म्हणाला, "ताई, ऑगस्टच्या पानावर माझं काम आहे. मला कुणी विचारलं नाही आणि खाली नाव पण नाही."

मी लगेच म्हटलं, अहो ते पब्लिक जागेत होतं, फेअर यूजमध्ये येतं ना. तो म्हणाला, "ताई, ते चार दिवसांचं होतं. महोत्सव संपला तसं मी टेम्पोत घालून घरी नेलं."

या एका वाक्याने मला कायदा वाचायला बसवलं. मी वकील नाही, पण त्यानंतर कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ मधली लागणारी कलमं दहा वेळा वाचली, दोन वकिलांशी बोलले, माहिती अधिकारात अर्ज केला, तीन शिल्पकारांकडून लेखी परवानग्या घेतल्या आणि दुसऱ्या वर्षीचं कॅलेंडर नीट काढलं. तुम्ही ब्लॉग लिहीत असाल, रील्स करत असाल, पोस्टकार्ड किंवा कॅलेंडर छापणार असाल, नाहीतर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी फोटो वापरणार असाल तर मी जिथे जिथे अडकले ते सगळं पायरीपायरीने सांगते.

१. आधी 'फेअर यूज' हा शब्द डोक्यातून काढा

फेअर यूज हा अमेरिकेचा शब्द आहे. तिकडच्या १९७६ च्या कायद्यात कलम १०७ आहे, त्यात कोर्ट चार गोष्टी तोलून ठरवतं की वापर योग्य होता की नाही. आपल्याकडे आहे 'फेअर डीलिंग', कलम ५२ मध्ये, आणि ते ठरावीक कारणांपुरतंच आहे: खाजगी वापर आणि संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओत ऐकलेलं "मी थोडं बदललं, पैसे कमावले नाहीत, म्हणजे फेअर यूज" हे इथे तसंच्या तसं चालत नाही.

पण आनंदाची गोष्ट अशी की शिल्पांच्या फोटोसाठी बहुतेक वेळा फेअर डीलिंगची गरजच पडत नाही. कलम ५२(१) मध्ये 'टी' नावाचं एक छोटं पोटकलम आहे. सार्वजनिक जागी, किंवा लोकांना जाता येतं अशा आवारात, कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो, चित्र, रेखाटन किंवा एन्ग्रेव्हिंग करणं आणि प्रसिद्ध करणं हा हक्कभंग नाही, असं ते सांगतं. त्यात कुठेही "फक्त बिनव्यापारी" असं म्हटलेलं नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याच्या फोटोचं पोस्टकार्ड तुम्ही विकू पण शकता.

अमेरिकेत उलटं आहे, आणि हे मुद्दाम सांगते कारण आपले फोटो शेवटी तिकडच्याच साइटवर जातात. वॉशिंग्टनला कोरियन युद्धाचं स्मारक आहे, त्यात फ्रँक गेलॉर्ड या शिल्पकाराने केलेले १९ सैनिकांचे पुतळे आहेत. एकाने बर्फ पडलेला असताना त्यांचा सुंदर फोटो काढला आणि २००३ मध्ये टपाल खात्याने तो तिकिटावर छापला. फोटोग्राफरची परवानगी घेतली, त्याला १५०० डॉलर दिले, शिल्पकाराला विचारलंच नाही. २०१० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने हे फेअर यूज नाही म्हणून सांगितलं आणि शेवटी भरपाई ठरली ती साधारण ६ लाख ८५ हजार डॉलर. तिकडे उघड्यावरच्या इमारतीच्या फोटोला सूट आहे पण शिल्पाच्या फोटोला नाही. म्हणून काही परदेशी स्टॉक फोटोच्या साइट शिल्प दिसलं की 'प्रॉपर्टी रिलीज', म्हणजे हक्कदाराचं लेखी परवानगीपत्र, मागतात. आपला फोटो नाकारला म्हणून आपण इथे गुन्हा केला असं नसतं, त्यांचा कायदा वेगळा आहे एवढंच. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यावर) मात्र भारतातल्या सार्वजनिक शिल्पांचे फोटो आपल्या या कलमाच्या आधारावर घेतात.

२. समोर आहे ते शिल्पच आहे का, ते बघा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. मीही फसले, माझ्या मे महिन्याच्या पानावर.

नवी मुंबईत भिंती किती रंगवल्यात ते तुम्हाला माहितीच आहे, उड्डाणपुलाखाली, स्टेशनच्या बाहेर, नाल्याच्या कडेला, मासे, कोळणी, फ्लेमिंगो सगळं आहे. मला वाटलं रस्त्यावर आहे, कायम आहे, म्हणजे झालं. पण 'टी' कलमात शब्द आहेत 'शिल्प' आणि 'कलात्मक कारागिरीच्या वस्तू'. चित्र त्यात नाही. म्हणजे भिंतीवरचं रंगवलेलं चित्र तिथे वीस वर्षं राहणार असलं तरी त्याचा फोटो मुख्य विषय म्हणून कॅलेंडरवर छापायचा तर चित्रकाराची परवानगी हवी.

आणि गंमत अशी की त्याच भिंतीचा व्हिडिओ काढला तर चालतं. पुढचंच 'यू' कलम सिनेमॅटोग्राफ फिल्मसाठी आहे आणि त्यात सार्वजनिक जागेतली कायमची 'कोणतीही कलाकृती' असं म्हटलंय, त्यात चित्रंही आली. शिवाय कलाकृती कायमची नसली तरी नुसती मागे, पार्श्वभूमीला किंवा ओघात येत असेल तरी व्हिडिओत चालते. म्हणजे रीलला सूट आणि फोटोला नाही. मला हे आजही विचित्र वाटतं पण मजकूर तसाच आहे.

आता वस्तूवार सांगते. सिमेंट किंवा फायबरचं उठावशिल्प, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं काम, शिल्पात मोडेल. ब्राँझ, दगड, भंगारातून केलेले प्राणीपक्षी, सगळी शिल्पं. नुसता रंग असेल ते चित्र. फरशीच्या तुकड्यांचं मोझॅक असेल तर कारागिरी की चित्र असा वाद निघू शकतो, मी तिथे विचारूनच छापते. इमारतीचं वेगळं 'एस' कलम आहे, इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक आहे, नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची कमळासारखी टर्मिनल इमारत तुम्ही बाहेरच्या रस्त्यावरून टिपली तर कॉपीराइटचा प्रश्न नाही (आतल्या सुरक्षेचे नियम ही वेगळी गोष्ट). पण इमारतीची प्रतिमा ट्रेडमार्क म्हणून नोंदलेली असू शकते. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची तशी नोंद २०१७ मध्ये झाली, त्यामुळे कॉफीचे मग, टीशर्ट असला माल काढताना ते पण तपासा.

मांडणशिल्प हा सगळ्यात अवघड प्रकार. इन्स्टॉलेशनमध्ये कधी दोऱ्या, दिवे, आवाज, पडद्यावरचं चित्र असं सगळं एकत्र असतं. कायद्यात 'इन्स्टॉलेशन' असा शब्दच नाही. त्यातला घडवलेला भाग शिल्प धरता येईल, पण पडद्यावर चालणारा व्हिडिओ किंवा छापील फ्लेक्स हे वेगळ्या प्रकारात जातं. तुमच्या फोटोत मुख्य काय दिसतंय त्यावरून ठरवा, आणि शंका असली तर पायरी ६ वर जा.

३. ते कायमचं आहे का

माझं ऑगस्टचं पान इथे गेलं. उपवन तलावाकाठी किंवा मैदानावर जे कला महोत्सव होतात त्यात उभारलेली कामं तीन-चार दिवसांत उतरतात. ती सार्वजनिक जागेत असतात, लाखो लोक सेल्फी काढतात, पण 'कायमस्वरूपी' नसतात. कायद्याचा शब्द आहे 'पर्मनंटली सिच्युएट' आणि तो फार महत्त्वाचा आहे. जर्मनीत क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने १९९५ मध्ये बर्लिनची राइशस्टाग इमारत दोन आठवडे कापडात गुंडाळली होती, एकाने त्याची पोस्टकार्डं विकली, प्रकरण तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टापर्यंत गेलं आणि २००२ मध्ये निकाल आला की दोन आठवड्यांचं काम कायमचं नाही, सूट नाही. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण शब्दाचा अर्थ कसा लावतात ते कळतं.

आता गणपती. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मंडळाची मूर्ती मातीची असो की पीओपीची, ती मूर्तिकाराची कलाकृती आहे, आणि ती दहा दिवसांनी विसर्जनाला जाते, म्हणजे कायमची अजिबात नाही. देखावाही तसाच. तुम्ही घरच्या ग्रुपवर फोटो टाकता तो खाजगी वापर. वर्तमानपत्रात बातमीसोबत येतो ते वार्तांकन. पण त्याच मूर्तीच्या फोटोची शुभेच्छापत्रं छापून विकायची, किंवा दुकानाच्या जाहिरातीत मोठा करून लावायचा, तर मंडळाला नाही, मूर्तिकाराला विचारा. पेणचे, ठाण्याचे मूर्तिकार वर्षभर राबतात आणि त्यांच्या मूर्तीचा फोटो कुठकुठल्या बॅनरवर नावाशिवाय फिरत असतो. मी दोन मूर्तिकारांना विचारलं, दोघांनी पैसे न घेता हो म्हटलं, फक्त नाव टाका म्हणाले.

कायमचं कसं ओळखायचं? चौथरा आहे का, पाया काँक्रीटमध्ये आहे का, पाटी आहे का, जवळच्या टपरीवाल्याला विचारा किती वर्षं आहे. मी फोटो काढताना चौथऱ्याचा आणि आजूबाजूचा पण एक फोटो तारखेसह काढून ठेवते. पुढे कुणी विचारलं तर तोच पुरावा.

४. जागा लोकांसाठी खुली आहे का

रस्ता, चौक, तलावाचा काठ, महापालिकेची बाग, यात वाद नाही. कलमात 'लोकांना प्रवेश असलेलं आवार' असेही शब्द आहेत, त्यामुळे मॉल, देऊळ, तिकीट काढून जायची बाग येऊ शकते. नेरूळच्या वंडर्स पार्कला जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, तिकीट आहे म्हणून ती बाग खाजगी होत नाही. पण सोसायटीच्या गेटच्या आतलं कारंजं, कंपनीच्या ऑफिसच्या लॉबीतलं शिल्प, एखाद्याच्या बंगल्यातली बाग, इथे सामान्य माणूस आपणहून जाऊ शकत नाही, तर ही सूट धरू नका.

आणि एक लक्षात घ्या. कॉपीराइटची सूट आहे म्हणजे जागेच्या मालकाने कॅमेरा आणू दिलाच पाहिजे असं नाही. मॉलचा सिक्युरिटीवाला ट्रायपॉड बंद करायला सांगू शकतो, संग्रहालयाचे स्वतःचे नियम असतात, रेल्वे स्टेशनवर व्यावसायिक शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, ड्रोन उडवायचा तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-साइटवरचा नकाशा आधी बघा, आता विमानतळ सुरू झाल्यापासून तर नक्कीच. हे वेगळे नियम आहेत, दोन्ही सांभाळायला लागतात.

५. शिल्पकार कोण आणि हक्क अजून चालू आहे का

पहिल्या चार पायऱ्यांत तुम्ही पास झालात तर फोटोपुरतं इथे अडत नाही. तरी शोधाच, कारण नाव द्यायचंय (पायरी ९), आणि चित्र किंवा तात्पुरतं काम असेल तर परवानगीसाठी हवंच.

हिशोब असा. शिल्पाचा कॉपीराइट शिल्पकाराच्या आयुष्यभर आणि मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. 'मंदिरपथगामिनी' घडवणारे गणपतराव म्हात्रे १९४७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कामांवरचा हक्क २००७ च्या अखेरीस संपला. अलिबागजवळ सासवन्याला ज्यांच्या घराचं संग्रहालय आहे ते वि. पां. करमरकर १९६७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कामांवर २०२७ च्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क आहे. ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या ख्रिस्ताच्या प्रसिद्ध पुतळ्याचे शिल्पकार पॉल लांडोव्स्की १९६१ मध्ये गेले, म्हणजे आपल्या कायद्याने २०२१ अखेर संपला. पुतळा ज्या माणसाचा आहे त्याच्या मृत्यूचं साल इथे धरू नका, ही चूक मी भल्याभल्यांना करताना बघितलीय. शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले म्हणून पुतळा हक्कमुक्त, असं नसतं. ज्याने घडवला त्याचं साल बघायचं.

नाव शोधायचं कसं? पाटीवर उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते असतं, कोणत्या दिवशी झालं ते असतं, शिल्पकाराचं नाव फार कमी वेळा असतं, आणि हे बघून मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं. पण चौथऱ्याच्या मागच्या बाजूला, पुतळ्याच्या पायाशी, घोड्याच्या खुराजवळ सही कोरलेली सापडते, तिथे टॉर्च मारून बघा. नाहीच मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करा. जोडपत्र 'अ' चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ज्या संस्थेने शिल्प बसवलं तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. "शिल्पकार कोण" एवढंच विचारू नका, "अमुक ठिकाणच्या शिल्पाच्या कामाच्या कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) आणि करारनाम्याची प्रत मिळावी" असं लिहा. मी पहिल्यांदा नुसतं नाव विचारलं तर ठेकेदाराचं नाव आलं. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

६. परवानगी द्यायचा अधिकार कुणाचा, आणि ती कशी घ्यायची

"पुतळा आमचा आहे, आम्ही पैसे दिलेत, घ्या आमची परवानगी" असं कुणी म्हणालं तर लगेच निश्चिंत होऊ नका. वस्तू विकत घेतली म्हणजे कॉपीराइट विकत घेतला असं होत नाही. एखाद्या बिल्डरने शिल्पकाराकडून शिल्प करून घेतलं आणि हक्क लेखी लिहून घेतले नाहीत, तर हक्क शिल्पकाराकडेच राहतो (तो त्याचा पगारी नोकर नसेल तर). पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला आणि चित्राला नियम उलटा आहे, तिथे वेगळा करार नसेल तर काढून घेणारा मालक होतो, पण त्या यादीत शिल्प नाही.

सरकारी कामाचं आणखी वेगळं. सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमाच्या सांगण्यावरून, देखरेखीखाली काम झालं असेल आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक सरकार किंवा तो उपक्रम, आणि मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. सिडको ही राज्य सरकारची कंपनी आहे आणि महापालिका ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, त्यामुळे दोन्ही या व्याख्येत बसतात. म्हणून कार्यादेशाची प्रत मागायला सांगितलं, हक्काबद्दल काय ठरलं होतं ते त्यातच असतं.

परवानगी लेखीच हवी, फोनवरचं "हो हो वापरा" पुरत नाही. आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मी वापरते तो मजकूर देते, तुमच्याप्रमाणे बदला:

"नमस्कार. आपण घडवलेल्या (शिल्पाचे नाव, ठिकाण) या कलाकृतीचा मी (तारीख) रोजी काढलेला फोटो (वर्ष) च्या टेबल कॅलेंडरमध्ये छापण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. प्रती (संख्या), किंमत (रुपये), वापराचा काळ (पासून–पर्यंत), वितरण भारतात, आणि कॅलेंडरच्या प्रसिद्धीसाठी हाच फोटो समाजमाध्यमांवर. फोटोखाली कलाकृतीचे व आपले नाव छापले जाईल. फोटोत कलाकृतीच्या रूपात बदल केला जाणार नाही. मोबदला (रक्कम / विनामूल्य). आपल्याला मान्य असल्यास खाली सही करून किंवा या ईमेलला उत्तर देऊन कळवावे."

सोबत तो फोटो आणि पान कसं दिसेल त्याचा नमुना जोडा. मोबदला किती विचाराल तर मी एका पानाला ठरावीक रक्कम आणि पाच प्रती देते. मोठी रक्कम नाही, पण आधी विचारून दिलेली असते.

७. फोटो तुमचा स्वतःचा आहे का

एका फोटोत दोन हक्क असतात, शिल्पकाराचा आणि फोटोग्राफरचा. कलम ५२ शिल्पकाराच्या बाजूचा अडथळा काढतं, फोटोग्राफरचा नाही. गुगलवरून किंवा कुणाच्या इन्स्टाग्रामवरून पुतळ्याचा फोटो उचलला तर पुतळा कितीही सार्वजनिक असो, तो फोटो त्या माणसाचा आहे. मैत्रिणीने काढलेला असला तरी तिच्याकडून मेसेज नको, ईमेल घ्या. आणि मूळ फाइल, रॉ किंवा जेपेग जी असेल ती, तारखेच्या माहितीसकट ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेली कॉपी नव्हे कारण त्यात ती माहिती निघून जाते.

८. कशासाठी वापरणार त्याप्रमाणे

खाजगी अल्बम, अभ्यास, शाळा-कॉलेजात शिकवताना वापर: अडचण नाही, तात्पुरत्या कामालाही नाही. प्रदर्शनाचं परीक्षण लिहिताय आणि त्या कामाबद्दल खरंच दोन परिच्छेद बोलताय: फेअर डीलिंग. पण लेख लोकल ट्रेनवर आणि मध्ये सुंदर दिसतं म्हणून मांडणशिल्पाचा फोटो, हे परीक्षण नाही.

पोस्टकार्ड, कॅलेंडर, पुस्तक: कायमचं सार्वजनिक शिल्प असेल तर चालेल. कॉफीच्या मगवर आणि टीशर्टवर फोटो छापणं हे 'फोटो प्रसिद्ध करणं' धरता येतं असं एक वकील म्हणाले, दुसरे म्हणाले विचारून घ्या. मी विचारून घेते.

पण शिल्पाची छोटी प्रतिकृती, फ्रिज मॅग्नेटवर उठावात केलेला पुतळा, थ्रीडी प्रिंट, चॉकलेटचा साचा, यांना सूट नाही. कलमात फक्त सपाट गोष्टी आहेत. पुतळ्याचे चारी बाजूंनी शंभर फोटो काढून मोबाइल अ‍ॅपने थ्रीडी मॉडेल करायचं फॅड आलंय, मॉडेल छापून विकलंत तर ती शिल्पाची प्रत झाली.

९. नाव लिहा आणि शिल्पाशी खेळू नका

कलम ५७ वेगळं आहे. कॉपीराइट विकला तरी शिल्पकाराकडे दोन हक्क राहतात: काम माझं आहे हे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तोडमोड थांबवण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं प्रचंड ब्राँझ म्युरल (भिंतीवरचं शिल्प) १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं होतं, तुकडे झाले, काही हरवले. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांना ५ लाख भरपाई आणि उरलेलं म्युरल परत दिलं. मालक सरकार होतं, तरीही.

फोटोत याचा अर्थ असा की सूट असली तरी फोटोखाली "शिल्प: अमुक, फोटो: तमुक" अशा दोन्ही ओळी हव्यात. शिल्पाचा रंग बदलणं, डोकं कापून दुसरं लावणं, एआय अ‍ॅपमध्ये घालून त्याला नाचवणं, असलं करू नका. थोडी क्रॉपिंग, उजेड कमी-जास्त चालतं. महापुरुषांच्या पुतळ्यांच्या बाबतीत तर लोकांच्या भावना आणि पोलीस हा विषय पण येतो, तिथे दुप्पट सांभाळा.

माझ्या फोनवाल्या शिल्पकाराला खरं दुखलं होतं ते नावाचं. पैशांचं तो स्वतःहून बोललाच नाही. उरलेल्या १४० प्रतींवर आम्ही ऑगस्टच्या पानाखाली नावाची पट्टी छापून चिकटवली, मावसभाऊ आणि मी दोन रात्री बसून, आणि वाटलेल्या प्रतींच्या लोकांना त्याच्या कामाची माहिती ईमेलने पाठवली. मेच्या पानाच्या चित्रकाराला आम्ही स्वतः शोधून काढलं आणि त्यालाही मोबदला दिला.

फोल्डरमध्ये काय काय ठेवायचं

प्रत्येक फोटोमागे मी एक फोल्डर करते:
- मूळ फाइल
- चौथरा, पाटी, सही आणि आजूबाजूच्या परिसराचे फोटो
- जागेचं नाव आणि गुगल मॅपची लिंक
- शिल्पकाराचं नाव, जन्म-मृत्यूचं साल, ते कुठून कळलं
- माहिती अधिकाराचं उत्तर किंवा कार्यादेशाची प्रत
- परवानगीचं पत्र, मोबदला दिल्याची नोंद
- फोटो कुठे कुठे वापरला त्याची यादी (ही सगळ्यात जास्त राहून जाते)

तुमच्या फोटोचा कॉपीराइट आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर कलाकृतीला ५०० रुपये फी आहे, मालावर वापरायची कलाकृती असेल तर २०००.

१०. नोटीस आली किंवा पोस्ट उडाली तर

घाबरून सगळं डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या. मग पायरी २, ३, ४ पुन्हा तपासा. तक्रार बरोबर असेल तर फोटो काढा, फोन करा, माणसासारखं बोला, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. तक्रार चुकीची असेल, म्हणजे शिल्प कायमचं आणि सार्वजनिक असेल, तर फोल्डरमधले फोटो जोडून ५२(१)(टी) चा उल्लेख करून लेखी उत्तर द्या. आपल्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार आली की साइटने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर साइट तो पुन्हा सुरू करू शकते. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब मात्र बहुतेक वेळा अमेरिकन पद्धतीने चालतात, तिथे 'काउंटर नोटीस', म्हणजे तक्रार चुकीची आहे असं सांगणारं उत्तर, भरावी लागते. ती भरताना तुम्ही तिकडच्या कोर्टाचा अधिकार मान्य करता, त्यामुळे वाचून भरा.

वकिलाची नोटीस असेल तर उत्तर स्वतः लिहू नका. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं म्हटलंय. शिवाय कलम ६२ प्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या कोर्टात दावा लावू शकतो. शिल्पकार बडोद्याचा असेल तर तारखेला ठाण्याहून बडोद्याला जावं लागेल. म्हणून नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत, कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडे तो फोल्डर घेऊन जा, कागद एकत्र असले तर पहिल्या भेटीतच तो तुम्हाला सांगू शकेल की लढायचं की मिटवायचं.